कृष्ण मोठा झाला

भाऊबीज उलटली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तोवर हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. प्रत्येक गाव आपल्या मंडईची तारीख वेगळी धरतं, म्हणजे या गावच्या सोयऱ्याला त्या गावी जाता येतं. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबी आणि रात्री नाटक. आमच्या या झाडीपट्टीचं नाटक दहा-अकराला उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लहानपणी ते मी आजीच्या मांडीवर, चादरीत गुंडाळून पाहिलं. आधी विनोदी पात्रांची धमाल, गाणी, नाच. मध्यरात्र उलटली की कथा वेगळ्या वाटेला लागायची. कुणी दारू पिऊन घरी यायचा, कुणाची जमीन जायची, कुणी बायकोला केसाला धरून फरफटत न्यायचा. तेवढ्यात आजीचा खरखरीत हात माझ्या डोळ्यांवर यायचा. ‘‘डोरे मीट. आता पुढचा मोठ्याइचा आहे.’’

मी डोळे मिटायचो. पण रंगमंचावर टांगलेल्या माईकमधून येणारं रडणं चादरीच्या आतही पोचायचं. दरवर्षी तो हात थोडा उशिरा येऊ लागला. आधी बाराला, मग एकला, मग दोनला. एका मंडईला तो आलाच नाही. मी आजीकडे पाहिलं, ती समोर पाहत होती. त्या रात्री मी पहिल्यांदा शेवटपर्यंत नाटक पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे मराठी सिनेमाचा आरंभकाळ वाचत गेलो, जे चित्रपट शिल्लक आहेत ते पाहत गेलो, तेव्हा हीच रात्र मला पुन्हा भेटली. १९१३ ते १९४१ या अठ्ठावीस वर्षांत मराठी पडद्यावर देव आले, राक्षस आले, समुद्रावरून उड्डाणं झाली, आणि मग हळूहळू पडदा काळवंडत गेला. मायेचे, चमत्काराचे खेळ करणारा तोच कॅमेरा शेवटी एका म्हाताऱ्या वकिलाच्या आरशासमोर येऊन उभा राहिला. हे घडलं ते एका पिढीच्या डोळ्यांदेखत. म्हणून १९१९ साली आठ वर्षांचा असलेला एक मुलगा आपण मनात धरू. तो गिरगावात राहणारा असो, पुण्यातला असो की कोल्हापुरातला. सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शकाचं वय मोजलं जातं, तंत्राचं वय मोजलं जातं. समोर बसलेल्या पोराचं वय क्वचितच कुणी मोजतो.

त्या पोराच्या जन्माच्या सुमारास, १९११च्या आसपास, मुंबईत गिरगावातल्या एका तंबूत धुंडिराज गोविंद फाळके येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहत होते. वय चाळिशी ओलांडलेलं, छापखान्याचा धंदा सुटलेला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना त्याच्या जागी राम-कृष्ण दिसत होते, गोकुळ दिसत होतं, अयोध्या दिसत होती. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहण्याचा, फिल्मचे तुकडे निरखण्याचा त्यांना असा ध्यास लागला की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि घरच्या घरी वाटाण्याचा वेल उगवताना एकेक चौकट टिपून पाहिला. बी रुजतं, कोंब फुटतो, वेल वर चढतो, हे सगळं मिनिटाभरात. मला फाळक्यांचा हा पहिला चमत्कार सगळ्यात जास्त आवडतो. त्यात देव नाही, राक्षस नाही. नुसता वाढणारा जीव आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा एका खाणावळीतले स्वयंपाकी अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. हरिश्चंद्राची कथा तशी स्मशानाची, पण फाळक्यांच्या हातात ती भयाण झाली नाही. विश्वामित्राच्या यज्ञातून निघणाऱ्या शक्ती, ऐन वेळी प्रकट होणारे शंकर, यांच्यासाठीच लोक आले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला आणि त्यात साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. हनुमान समुद्रावरून उडाला, लंका पेटली. राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडत, साष्टांग नमस्कार घालत, असं त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. मद्रासकडे या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, हीही आठवण सांगितली जाते.

आपला आठ वर्षांचा मुलगा १९१९ साली ‘कालियामर्दन’ पाहायला बसला. हा चित्रपट बराचसा वाचला आहे आणि आज मोबाईलवरही पाहता येतो. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, जेमतेम सात वर्षांची. कथा सुरू होण्याआधी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात. ती हसते, रुसते, रागावते, रडते. मग त्या चेहऱ्यावरूनच मुकुट घातलेला कृष्ण उमलतो. मला ही सुरुवात फार प्रामाणिक वाटते. बापाने आपल्या लेकीला लोकांपुढे आणून आधी सांगून टाकलं की ही खेळणारी मुलगी आहे, आता बघा हिचा देव कसा होतो. पाण्यात उडी, कालियाशी झुंज, काठावर आकांत करणारे यशोदा आणि नंद, आणि मग फण्यांवर नाचणारा बाळकृष्ण. भीती आहे, पण ती अशी की पोराने आईचा पदर धरावा आणि पुढच्याच क्षणी टाळ्या पिटाव्यात. या चित्रपटात कुणी कुणाला फसवत नाही. विषारी आहे तो साप, आणि तो सापासारखाच दिसतो.

पण त्याच सुमारास कोल्हापुरात एक माणूस वेगळ्या उजेडाच्या शोधात होता. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा त्यांनी स्वतःच्या कारागिरीने तयार केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. कथा महाभारतातली, म्हणजे घरोघरी ठाऊक असलेली. पण पेंटरांनी कीचकवध असा घेतला की त्यावर गदारोळ झाला आणि त्या प्रसंगाला सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कीचक तोच, भीम तोच. फरक इतकाच की या वेळी मरणारा माणूस खरोखर मरताना दिसला.

पाच वर्षांनी पेंटरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९२५चा ‘सावकारी पाश’. देव नाही, मुकुट नाही. सावकाराच्या कागदावर जमीन घालवून बसलेला शेतकरी शहरात गिरणीमजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं चोवीस वर्षांच्या शांताराम राजाराम वणकुद्रे यांनी. रात्रीची झोपडी आणि बाहेर ओरडणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य पाहिलेले लोक ते दृश्य जन्मभर विसरले नाहीत. तरीही हा चित्रपट चालला नाही. धानाच्या मुलखात वाढलेल्या माझ्यासारख्याला ती कथा बघवत नाही इतकी ओळखीची आहे, पण १९२५च्या प्रेक्षकाला ती नको होती. आपला मुलगा तेव्हा चौदाचा होता. त्याला अजून हनुमान हवा होता, तलवारबाजी हवी होती. आजीचा हात म्हणायचा तर त्या वर्षी तो प्रेक्षकाने स्वतःच स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. पेंटरांनी हीच कथा १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केली. एखाद्या कलावंताला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्यासाठी अकरा वर्षं थांबावं लागतं, यात त्याचा दोष कुठेच नसतो.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आणि भांडवलाची बाजू सांभाळणारे कुलकर्णी. त्यांची सुरुवातही मायेनेच झाली. पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’. १९३२ साली पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे पुन्हा हरिश्चंद्र. पण फाळक्यांच्या तारामतीत आणि या तारामतीत एकोणीस वर्षांचं अंतर होतं. स्वयंपाक्याच्या जागी दुर्गा खोटे उभ्या होत्या, चांगल्या घरातली शिकलेली बाई, आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता. मुक्या पडद्यावरचं दुःख पाटीवर वाचावं लागे. आता ते कानात शिरत होतं.

त्याच वर्षीचा ‘माया मच्छिंद्र’ या साऱ्या काळाचं मधलं दार आहे असं मला वाटतं. स्त्रीराज्यात अडकलेला गुरू मच्छिंद्रनाथ, त्याला सोडवायला निघालेला शिष्य गोरखनाथ. गोविंदराव टेंबे गुरू, मास्टर विनायक शिष्य, दुर्गा खोटे राणी. नाथपंथाची ही कथा गावोगाव ठाऊक होती. कॅमेऱ्याचे झाडून सगळे चमत्कार त्यात आहेत, आणि शेवटी कळतं की हे सगळं गुरूने रचलेली माया होती. फाळके चमत्कार दाखवून नमस्कार घ्यायचे. इथे चमत्कार दाखवून वर सांगितलं गेलं की तुम्ही पाहिलंत ते खरं नव्हतं. एकवीस वर्षांच्या आपल्या तरुणाला हे कळत होतं.

याच साली दुसरीकडे, दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनमध्ये, भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ केला. कृष्ण झाला अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला चौदा वर्षांचा शाहू मोडक, आणि राधा झाली सोळा वर्षांची शांता आपटे. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. ख्रिस्ताचा चित्रपट पाहून फाळक्यांना कृष्ण सुचला होता, आणि वीस-एकवीस वर्षांनी ख्रिस्ती घरातला मुलगा महाराष्ट्राचा लाडका कृष्ण झाला. या दोन पोरांकडे नीट पाहून ठेवावं. पुढची सात वर्षं त्यांचे चेहरे बदलत गेले आणि पडद्यावरचं जगही त्यांच्याबरोबर बदलत गेलं.

१९३३ साली प्रभात पुण्याला आली. त्याच वर्षी प्रभातचा स्वतःचा ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी शांताराम जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण येताना ते तिथल्या कॅमेऱ्याची नजर घेऊन आले. उजेडापेक्षा सावलीने बोलायचं ही ती नजर. पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ साली आला. कथेचा आधार नारायण हरि आपटे यांची ‘भाग्यश्री’ कादंबरी. राजाने देवीपुढचे बळी बंद केले म्हणून राजगुरू त्याचा खून करवतो. मशालींच्या उजेडात गुप्त बैठक भरते आणि पडदाभर एकच गोष्ट उरते: राजगुरूचा डोळा. टेलिफोटो भिंगाने जवळ आणलेला, न मिटणारा, ओलसर डोळा. हिंदीत हा राजगुरू चंद्रमोहन होते, मराठीत केशवराव दाते.

कालिया साप होता आणि सापासारखा दिसत होता. हा राजगुरू देवीचा पुजारी आहे, मंत्र म्हणतो, त्याच्या कपाळावर गंध आहे. विष आता फणा काढून येत नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी बाळकृष्णाला टाळ्या वाजवणारा मुलगा तेवीस वर्षांचा झाला होता. मधल्या काळात त्याने मिठाचा सत्याग्रह पाहिला होता, लाठ्या पाहिल्या होत्या, कदाचित खाल्ल्याही असतील. धर्माच्या नावाने कोण काय करतं हे त्याला दिसत होतं. पुढच्याच वर्षी प्रभातने एकनाथांवरच्या चित्रपटाला ‘महात्मा’ नाव दिलं तर सरकारी सेन्सॉरने हरकत घेतली आणि ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. चारशे वर्षांपूर्वीचा संत अस्पृश्याच्या घरी जेवतो, हे दृश्य आजचं आहे हे सरकारला प्रेक्षकाइतकंच लख्ख समजलं होतं.

‘संत तुकाराम’ या रांगेत बसवताना माझा हात अडखळतो, कारण तो काळोखाचा चित्रपट नाही. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला. मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा डोळे मिटून गातात आणि आपण विरघळतो. पण मला त्यात जास्त दिसते ती गौरीबाईंची जिजाई. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगात. ती पोराला घेऊन तडक देवळात जाते आणि विठ्ठलाच्या मूर्तीवर वहाण उगारते. फाळक्यांच्या पडद्यावर हे घडलं असतं तर प्रेक्षक हादरले असते. १९३६चा प्रेक्षक तिच्या बाजूने होता. शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला जातात. कॅमेऱ्याने विमान सुरेख उडवलंय, पण जिजाई जमिनीवर राहते, पोरांपाशी, चुलीपाशी. त्या शेवटाकडे मी कितीदा पाहिलं आहे. दर वेळी माझी नजर विमानावरून खाली येते.

मग १९३७ उजाडलं. त्या वर्षी दोन चित्रपट आले.

एक होता कोल्हापूर सिनेटोनचा ‘गंगावतरण’. सदुसष्ट वर्षांचे दादासाहेब फाळके पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे होते. बोलपट म्हणून त्यांनी बनवलेला हा एकच चित्रपट. स्वर्गातून उतरणारी गंगा, शंकराच्या जटा, ढगातले देव, चोवीस वर्षांपूर्वी शोधलेल्या सगळ्या युक्त्या अधिक सफाईने. त्यांच्या हातचं कौशल्य कमी झालं नव्हतं. पण गंगा उतरताना अवाक होणारा तो मुलगा आता सव्वीस वर्षांचा होता, त्याला संसार होता, आणि तो दुसऱ्या चित्रपटाच्या रांगेत उभा होता. ‘गंगावतरण’नंतर फाळक्यांनी चित्रपट केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. ज्याने मराठी माणसाला पडद्याकडे पाहायला शिकवलं, त्याच्या शेवटच्या चित्रपटाच्या वेळी तो माणूस दुसरीकडे पाहत होता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा चित्रपट होता ‘कुंकू’.

आधार पुन्हा नारायण हरि आपटेच, ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. नीरा नावाची मुलगी मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली आहे. देवलांनी हा विषय ‘शारदा’ नाटकात १८९९ सालीच आणला होता, १९३० पासून बालविवाह रोखणारा सारडा कायदाही लागू झाला होता. विषय नवा नव्हता. नवं होतं नीराचं वागणं. ती रडून गप्प बसत नाही. ती नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, त्याला खोलीत येऊ देत नाही. तिच्यावर वाईट नजर टाकणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. तिची बाजू घेणारी सावत्र मुलगी चित्रा झाल्या आहेत शकुंतला परांजपे, ज्या प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाचं काम गावोगाव करत होत्या.

नीरा आहे शांता आपटे, पाच वर्षांपूर्वीची राधा. आणि तो म्हातारा वकील आहे केशवराव दाते, तीन वर्षांपूर्वीचा राजगुरू.

दात्यांच्या या दोन भूमिका मी लागोपाठ दोन दिवस पाहिल्या आणि मला कळलं की राक्षसाचं काय झालं. तो गुहेतून निघून वाड्यात राहायला आला होता. मशाली नाहीत, देवी नाही. छत्री आहे, चष्मा आहे, घड्याळ आहे, मिशांना लावायचा कलप आहे. आणि शांतारामांनी सगळ्यात अवघड गोष्ट केली ती ही की या राक्षसाला त्यांनी माणूस ठेवलं. त्याला आपण काय केलं हे हळूहळू कळत जातं. आरशासमोरचा तो प्रसंग आठवा. आरसा फुटतो आणि प्रत्येक काचेतून त्याचंच तोंड त्याला हसतं. एका माणसाची अनेक रूपं दाखवण्याची ही युक्ती पौराणिक पटांची. तिथे ती देवाचा महिमा दाखवायची, इथे ती एका म्हाताऱ्याला त्याची लाज दाखवते. सबंध चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. मायापटात कठीण क्षणी वाद्यं धावून यायची. ‘कुंकू’त कुणी धावून येत नाही. शेवटी म्हातारा नीराला मोकळी करणारं पत्र लिहून ठेवून जीव देतो.

‘कुंकू’ टीव्हीवर लागला तेव्हा मी कॉलेजात होतो. आजी खाटेवर बसून पाहत होती. तिचं लग्न बाराव्या वर्षी, बिजवराशी झालं होतं. आजोबा तिच्याहून किती मोठे होते हे घरात कुणी उघड बोलत नसे. नीराने छडी उचलली तेव्हा मी आजीकडे चोरून पाहिलं. मंडईत माझ्या डोळ्यांवर येणारा तो हात तिच्या मांडीवर निश्चल होता. सिनेमा संपला, बातम्या सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘पोरगी बेस बोलली.’’ एवढंच. मंडईच्या नाटकात ती मला काय पाहू देत नव्हती, ते त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं.

शांता आपट्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९३९ साली स्वतःच्या कंपनीशी मतभेद झाले तेव्हा ही बाई प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसली. नीरा काही नुसती पडद्यावरची नव्हती.

त्याच १९३९ साली ‘माणूस’ आला, आणि आपला कृष्ण परत भेटला. शाहू मोडक आता एकवीस वर्षांचा होता. डोक्यावर मोरपीस नाही, पोलीस शिपायाची टोपी. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते तेव्हा गणपत शिपाई मैना नावाच्या वेश्येला वाचवतो आणि तिच्यात गुंततो. मैना आहेत शांता हुबळीकर. गणपत तिला घरी आणू पाहतो, देवभोळ्या आईसमोर उभी करतो, आणि मैनाचे पाय उंबऱ्याशी थबकतात. तिच्यावरचा डाग पुसायला इथे कुणी देव येत नाही. तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते आणि गणपतने सोडवायला येऊ नये असं तीच ठरवते. ‘देवदास’ या चित्रपटाने सारा देश रडवला होता त्याला चारच वर्षं झाली होती. प्रेमभंगात स्वतःला संपवण्याचा तो मार्ग शांतारामांना पटला नव्हता; त्यांचा गणपत कोसळतो, पण पुन्हा कामावर रुजू होतो. ‘श्यामसुंदर’ पाहताना जी मुलं मोडकांच्या वयाची होती तीही आता विशीत होती. मंदाकिनीच्या कृष्णाला टाळ्या दिलेला आपला मुलगा अठ्ठावीसचा होता. चेहरा ओळखीचा, हसूही तेच, पण भोवतीची गल्ली अंधारी. हा अंधार पेलायला त्यांना जी वर्षं लागली ती त्यांना मिळाली होती.

हे चित्रपट पुण्या-मुंबईत गाजत होते तेव्हा आमचा गोंदिया जिल्हा नव्हता. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यातलं ते बंगाल-नागपूर रेल्वेचं जंक्शन होतं, तिथून छोटी लाईन जबलपूरकडे जायची. आमच्या गावांत पडद्याआधी दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं होती, आणि तिथेही गण-गवळणीपासून निघालेली रात्र घरच्या दुःखापाशी यायची. म्हणून प्रभातचा हा प्रवास मला पुण्या-मुंबईचा वाटत नाही.

१९४१च्या ‘शेजारी’ने हा काळ संपतो असं मी मानतो. जिवबा पाटील आणि मिर्झा, एक हिंदू, एक मुसलमान, अंगणाला अंगण लागून राहणारे दोन म्हातारे मित्र. गावात धरण बांधायला आलेला माणूस त्यांच्यात वितुष्ट पाडतो. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. शेवटी धरण फुटतं आणि दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून त्या पाण्यात जातात. ते धरण छोट्या प्रतिकृतीचं आहे, युक्तीच्या छायाचित्रणाने घडवलेलं. लंका जाळणारी, यमुनेत कालिया उभा करणारी हीच विद्या. माझं गाव इटियाडोह धरणापासून लांब नाही. गाढवी नदीवरचं ते पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून कोसळतं तेव्हा बघायला गर्दी जमते, आणि मला दर वेळी ते दोन हात आठवतात. सहा वर्षांनी देशात जे झालं ते माहीत असलेल्या माणसाला तो शेवट शांतपणे बघता येत नाही.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. कंपनी पुढे दहा-बारा वर्षं कशीबशी चालली. तिच्या जागेत १९६० साली चित्रपट प्रशिक्षणाची सरकारी संस्था आली. २००३च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि या काळातली कितीतरी मूळ रिळं जळाली. प्रती होत्या म्हणून आपण हे चित्रपट पाहू शकतो.

शाहू मोडक ‘माणूस’नंतर ज्ञानेश्वर झाले, आणि मग पुन्हा कृष्णच होत राहिले. एकूण २९ चित्रपटांत त्यांनी कृष्ण केला असं सांगतात. गल्लीतला शिपाई एकदाच. पुढच्या रांगेत दरवर्षी नवी पोरं येऊन बसत होती, आठ-आठ वर्षांची, आणि त्यांना आधी मोरपीस बघायचं होतं.